विश्लेषण : दुचाकीचे जनक कार्ल ड्राइस यांचे नाव घरच्या खिमा यंत्राशी कसे जोडले गेले?

टेबलाच्या कडेला पेचाने आवळायचे, वरच्या तोंडातून मटणाचे तुकडे टाकायचे आणि दांडा फिरवायचा. समोरच्या जाळीतून खिमा पडू लागतो. हे साधे यंत्र जगभरातील स्वयंपाकघरांत शतकाहून अधिक काळ टिकून आहे. त्याच्या सुरुवातीच्या रूपाचे श्रेय जर्मनीतील कार्ल ड्राइस यांना दिले जाते. दोन चाकांवर तोल सांभाळत पळता येते, हे जगाला दाखवणारेही तेच. मात्र हयातीत त्यांच्या वाट्याला टिंगल, परदेशवास आणि अखेरीस दारिद्र्य आले. त्यांचे आयुष्य, त्यांची यंत्रे आणि आज घरात खिमा यंत्र घेताना व वापरताना काय पाहावे, याविषयी...

कोण होते कार्ल ड्राइस?

कार्ल ड्राइस यांचा जन्म २९ एप्रिल १७८५ रोजी कार्ल्सरुहे येथे झाला. त्या वेळी जर्मनी हा एकसंध देश नव्हता. लहानमोठ्या अनेक संस्थानांपैकी बाडेन हे एक, आणि कार्ल्सरुहे ही त्याची राजधानी. ड्राइस घराणे सरदारांचे होते. वडील न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि पुढे ते बाडेनचे सर्वोच्च न्यायाधीश झाले. घरात मान होता, दरबारात ओळख होती. मुलाने सरकारी नोकरी करावी, हे ओघानेच आले.

कार्ल यांनी आधी वनविद्येचे शिक्षण घेतले. नंतर हायडेलबर्ग विद्यापीठात वास्तुविद्या, शेती आणि भौतिकशास्त्र हे विषय अभ्यासले. पुढे ते वनखात्यात अधिकारी झाले. पण त्यांचे मन रमले ते यंत्रांत. १८११ पासून त्यांना वनखात्याच्या रोजच्या कामातून मोकळीक मिळाली आणि वेतन सुरू राहिले. घराण्याचे वजन आणि दरबाराची मर्जी यांमुळे मिळालेली ही सवलत त्यांनी पूर्णपणे यंत्रांसाठी वापरली.

त्यांनी कोणकोणती यंत्रे बनवली?

१८१२ मध्ये त्यांनी पियानोवर वाजवलेले सूर कागदावर उमटवणारे यंत्र तयार केले. १८१३ मध्ये माणसाच्या बळावर चालणारी चारचाकी गाडी केली आणि पुढच्या वर्षी युरोपातील राजेमहाराजे व्हिएन्ना येथे परिषदेसाठी जमले असताना ती तिथे नेऊन दाखवली. गाडीचे कौतुक झाले, पण तिला कोणी उचलून धरले नाही.

पुढे १८२१ मध्ये त्यांनी २५ अक्षरांच्या कळा असलेले टंकलेखन यंत्र बनवले आणि १८२७ च्या सुमारास १६ कळांचे लघुलेखन यंत्र. लाकूड कमी लागेल अशी चूल आणि तिच्या जोडीला गवताने भरलेली पेटी हीदेखील त्यांचीच. भांड्याला एकदा उकळी आली की ते या पेटीत ठेवायचे. गवत उष्णता धरून ठेवते आणि उरलेले शिजणे जाळाशिवाय होते. याच यादीत खिमा यंत्राचेही नाव येते.

वरवर पाहता या यंत्रांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. मात्र बहुतेकांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. माणसाचे हातपाय आणि हाताशी असलेले इंधन यांतून जास्तीत जास्त काम कसे काढायचे? घोडा न लागणारी गाडी, कमी लाकडात होणारा स्वयंपाक आणि सुऱ्याने तासभर ठोकण्याऐवजी दांडा फिरवून होणारा खिमा ही त्याच प्रश्नाची उत्तरे आहेत.

दुचाकी कशी जन्माला आली?

एप्रिल १८१५ मध्ये आताच्या इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याची राख आणि वायू वातावरणात पसरून १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही. पिके बुडाली, धान्य महागले, घोड्यांचा चारा परवडेना. घोड्याला पर्याय शोधण्याची ड्राइस यांची धडपड या टंचाईतून आली असावी, असा तर्क काही इतिहासकार मांडतात.

१२ जून १८१७ रोजी ड्राइस मानहाइम शहरातून आपले नवे लाकडी यंत्र घेऊन निघाले. एकापुढे एक अशी दोन चाके, मध्ये बसायला आसन आणि पुढचे चाक वळवण्यासाठी दांडा. पायटे नव्हतेच. जमिनीला पायाने रेटा देत पळायचे आणि वेग आला की पाय उचलून तोल सांभाळायचा. सुमारे सात किलोमीटरवरच्या टप्प्याच्या ठाण्यापर्यंत जाऊन ते परत आले, तेही तासाभराच्या आत. यंत्राचे वजन सुमारे २२ किलो होते आणि मागच्या चाकाला ब्रेक होता.

१२ जानेवारी १८१८ रोजी बाडेनच्या राजाने त्यांना या यंत्राचा दहा वर्षांचा हक्क दिला. यंत्रशास्त्राचे प्राध्यापक ही पदवी दिली आणि निवृत्तिवेतन सुरू केले. त्यांना कोणत्याही विद्यापीठात शिकवायचे नव्हते. पदवी हा सन्मान होता आणि निवृत्तिवेतन हा पोटाचा आधार.

यश हातातून का निसटले?

पहिले कारण कायद्याचे. हा हक्क बाडेनच्या हद्दीपुरताच होता. हद्दीबाहेर सुतार आणि गाडीवाले हुबेहूब नकला करू लागले. डिसेंबर १८१८ मध्ये लंडनचे गाडी बनवणारे डेनिस जॉन्सन यांनी सुधारित रूपाचा हक्क इंग्लंडमध्ये आपल्या नावावर घेतला. तिथल्या शौकिनांनी हे यंत्र डोक्यावर घेतले, पण विक्रीचा पैसा ड्राइस यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग नव्हता.

दुसरे कारण रस्त्यांचे. गाड्यांच्या चाकांनी रस्त्यांवर खोल चाकोऱ्या पडत. अशा रस्त्यावर दोन चाकांवर तोल राहीना, म्हणून लोक पदपथावर चढले आणि पादचाऱ्यांना धडका बसू लागल्या. मानहाइममध्ये १८१७ सालच्या डिसेंबरातच पदपथावर बंदी आली. पुढे इंग्लंड, अमेरिका आणि अगदी कोलकात्यातही या यंत्रावर निर्बंध आले. दोन-तीन वर्षांत लाट ओसरली. पायट्यांची दुचाकी पॅरिसमध्ये लोकप्रिय झाली ती १८६० च्या दशकात. तोवर ड्राइस हयात नव्हते.

वडिलांच्या पदाची झळ कशी बसली?

मार्च १८१९ मध्ये मानहाइममध्ये नाटककार आउगुस्ट फॉन कोत्सेबू यांची कार्ल सँड या विद्यार्थ्याने हत्या केली. जर्मन राज्यांत त्या वेळी स्वातंत्र्य आणि एकीकरणाची मागणी करणारी विद्यार्थ्यांची चळवळ जोरात होती. तिच्यातील अनेकांना सँड हुतात्मा वाटत होता. मे १८२० मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. बाडेनचे सर्वोच्च न्यायाधीश होते ड्राइस यांचे वडील. त्यांनी दया दाखवली नाही, हा राग मुलावरही निघाला. विद्यार्थी आणि त्यांचे समर्थक कार्ल यांना जागोजागी गाठून छळू लागले.

अखेर १८२२ मध्ये ड्राइस यांनी देश सोडला. निसर्गअभ्यासक गेओर्ग हाइनरिख फॉन लांग्सडोर्फ यांच्यासोबत ते ब्राझीलला गेले आणि तिथे जमीन मोजणीचे काम केले. पाच वर्षांनी, १८२७ मध्ये ते परतले. १८३० मध्ये वडील वारले आणि घराण्याचे छत्र गेले. यंत्रे घेऊन फिरणारा हा सरदारपुत्र आता टिंगलीचा विषय झाला होता. दारूचे व्यसन जडल्याने टीकाकारांना आयते निमित्त मिळाले. १८३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यावर जिवावर बेतणारा हल्ला झाला. त्यानंतर ते ओडेनवाल्डच्या डोंगराळ भागातील वाल्डकात्सेनबाख या खेड्यात राहायला गेले आणि १८४५ पर्यंत तिथेच राहिले. या काळातही त्यांचे काम थांबले नाही. रेल्वेरुळांवर माणसाच्या बळावर चालणारी ट्रॉली त्यांच्या याच वर्षांशी जोडली जाते. युरोपातील अनेक भाषांत तिला आजही ‘ड्रेझीन’ म्हणतात.

खिमा यंत्र नेमके काय करते?

यंत्र येण्यापूर्वी खिमा म्हणजे ओंडका, जड सुरा आणि खाटकाचा दंड. आपल्याकडेही मटणाच्या दुकानात ठोकून केलेल्या खिम्याला आजही गिऱ्हाईक आहे. यात वेळ जातो, हात भरून येतो आणि तुकडे एकसारखे होत नाहीत. दांड्याच्या यंत्राने ही मेहनत वाचवली. शिवाय मान, खांदा असे चिवट आणि त्यामुळे स्वस्त असलेले मांसही बारीक झाल्यावर लवकर शिजते आणि चावायला सोपे जाते.

आज घराघरांत दिसणारे यंत्राचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले. त्याची रचना शेवयांच्या यंत्रासारखीच आहे. दांडा फिरवला की आतले मळसूत्र फिरते आणि मांस पुढे ढकलते. मळसूत्राच्या टोकाला चार पात्यांची सुरी असते. ती पुढच्या स्थिर जाळीला घासत फिरते. जाळीच्या भोकात शिरलेले मांस तिथेच कापले जाते, म्हणजे कात्रीसारखे काम होते. शेवटी मोठी गोल चकती आवळून सुरी आणि जाळी एकमेकींना घट्ट धरून ठेवली जातात.

मिक्सरचे तसे नसते. त्याचे पाते एकाच मांसावर पुन्हापुन्हा फिरते. त्यातून उष्णता निर्माण होते, चरबी वितळू लागते आणि खिम्याऐवजी चिकट गोळा हाती येतो.

घरासाठी यंत्र निवडताना काय पाहावे?

आकार : यंत्रावर ८, १०, १२, २२, ३२ असे क्रमांक असतात. हा क्रमांक जाळीचा आकार सांगतो. ८ क्रमांकाची जाळी साधारण ६२ मिलिमीटर, १२ ची ७०, २२ ची ८२ आणि ३२ ची सुमारे १०० मिलिमीटर व्यासाची असते. चार-पाच जणांच्या कुटुंबाला ८ किंवा १० क्रमांक पुरतो. २२ आणि ३२ क्रमांक खानावळी आणि दुकानांसाठी ठीक.

धातू : कल्हई केलेले बिडाचे यंत्र मजबूत आणि स्वस्त असते, पण ओले राहिले तर गंजते. स्टेनलेस स्टील महाग पडते, मात्र राखायला सोपे. ॲल्युमिनियमचे यंत्र हलके असते, पण तीव्र क्षाराच्या साबणाने काळे पडते. शरीर कोणत्याही धातूचे असो, सुरी आणि जाळी चांगल्या पोलादाच्या हव्यात.

पकड : घेण्यापूर्वी टेबलाच्या फळीची जाडी मोजावी आणि यंत्राचा पेच तेवढा उघडतो का ते पाहावे. ग्रॅनाइटच्या ओट्याला खाली पट्टी असते, त्यामुळे पेच अनेकदा बसत नाही. बसला तरी घसरतो. भक्कम लाकडी टेबल आणि पेचाखाली रबराचा तुकडा हा चांगला उपाय.

हाताचे की विजेचे : महिन्यातून एक-दोनदा किलोभर खिमा करणाऱ्यांना हाताचे यंत्र पुरेसे आहे. विजेचे घ्यायचे असल्यास खोक्यावर ठळक छापलेल्या कमाल वॉटपेक्षा सलग चालवतानाची क्षमता किती आणि एका वेळी किती मिनिटे चालवता येते, ते पाहावे. मांस अडकल्यावर उलटे फिरवण्याची सोय असलेली बरी.

सुटे भाग : सुरी आणि जाळी झिजतात. त्याच मापाच्या नव्या मिळत नसतील तर उत्तम यंत्रही दोन-तीन वर्षांत अडगळीत जाते.

वापरताना कोणत्या चुका टाळाव्यात?

सर्वाधिक होणारी चूक म्हणजे सुरी उलटी बसवणे. पात्यांची सपाट, धारदार बाजू जाळीकडे असायला हवी. ती मळसूत्राकडे गेली तर मांस कापले जात नाही, नुसते चिरडते आणि पाणी सोडते. धार गेल्याचा समज करून घेण्याआधी सुरीची बाजू तपासावी.

दुसरी चूक म्हणजे कोमट मांस घालणे. मांसाचे दोन-तीन सेंटिमीटर रुंदीचे लांबट तुकडे करून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवावेत. ते कडेने ताठ व्हावेत, पण दगडासारखे गोठू नयेत. सुरी, जाळी आणि मळसूत्रही गार करून घेतल्यास चरबी घट्ट राहते आणि भोके बुजत नाहीत. हाडे, जाड शिरा आणि पातळ चामडी आधीच काढावी. ती सुरीभोवती गुंडाळली जातात आणि यंत्र अडते. मधेच दांडा जड वाटू लागला तर जोर न लावता चकती उघडून सुरी साफ करावी.

खिमा-पाव किंवा खिमा-मटारसाठी पाच-सहा मिलिमीटर भोकांची जाळी चांगली. कबाबासाठी आधी मोठ्या आणि नंतर तीन मिलिमीटरच्या जाळीतून दोनदा काढावे. वरून मांस ढकलायला यंत्रासोबतचा दट्ट्याच वापरावा. बोट कधीही आत घालू नये. विजेचे यंत्र उघडण्याआधी प्लग काढलेला असावा. मुलांना दांडा फिरवायचा मोह होतो; तोंडापाशी हात जाणार नाही, याकडे मोठ्यांनी लक्ष द्यावे.

अखंड मांसात जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते सगळीकडे मिसळतात. त्यामुळे खिमा त्याच दिवशी शिजवावा, नाही तर लगेच गोठवावा. शिजवताना मटणाचा खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस आणि कोंबडीचा ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवा. काम झाल्यावर यंत्राचे सगळे भाग सुटे करून गरम पाण्याने आणि साबणाने धुवावेत, कोरडे पुसावेत आणि बिडाचे वा पोलादाचे भाग असल्यास खाद्यतेलाचे बोट फिरवून ठेवावेत.

‘नागरिक’ ड्राइस यांची अखेर कशी झाली?

१८४५ मध्ये ड्राइस कार्ल्सरुहेला परतले. तीनच वर्षांनी, १८४८ मध्ये, युरोपभर क्रांतीचे वारे वाहू लागले आणि बाडेन हे तिचे एक मुख्य केंद्र बनले. ज्या चळवळीच्या रोषामुळे तरुणपणी देश सोडावा लागला, तिच्याच मागण्यांच्या बाजूने ड्राइस आता उभे राहिले. १८४९ मध्ये त्यांनी आपली सरदारकी जाहीरपणे सोडली आणि यापुढे फक्त नागरिक कार्ल ड्राइस म्हणून ओळखावे, असे कळवले. ज्या पदवीने त्यांना शिक्षण, पगारी मोकळीक आणि दरबाराची दारे दिली होती, तीच त्यांनी उतरवून ठेवली.

याची किंमत मोठी होती. त्याच वर्षी प्रशियाच्या फौजांनी बाडेनमधील क्रांती चिरडली आणि जुनी राजवट परतली. राजनिष्ठांनी ड्राइस यांना वेडे ठरवून कोंडण्याचा प्रयत्न केला. क्रांती मोडण्याच्या खर्चाच्या वसुलीसाठी त्यांचे निवृत्तिवेतन जप्त झाले. दुचाकीच्या बदल्यात बाडेनने दिलेला तो एकमेव आधार होता. १० डिसेंबर १८५१ रोजी कार्ल्सरुहे येथे, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांचे निर्धन अवस्थेत निधन झाले. ते शेवटी राहत होते त्या घराजवळच कार्ल बेन्झ नावाचा मुलगा वाढत होता. त्यानेच पुढे पेट्रोलवर चालणारी मोटारगाडी बनवली.

आज त्यांची आठवण कुठे उरली आहे?

ड्राइस वेडसर होते, ही विरोधकांनी रंगवलेली प्रतिमा त्यांच्या मृत्यूनंतरही बराच काळ टिकली. १८९० च्या दशकात दुचाकीचा सुकाळ झाल्यावर जर्मन सायकलस्वारांनी पुढाकार घेऊन कार्ल्सरुहेत त्यांचे स्मारक उभारले. २०१७ मध्ये त्या पहिल्या फेरीला २०० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा जर्मनीने त्यांच्या यंत्राच्या स्मरणार्थ २० युरोचे नाणे काढले. लहान मुलांना तोल शिकवण्यासाठी आज मिळणारी बिनपायट्यांची सायकल त्यांच्याच तत्त्वावर चालते.

खिमा यंत्रावर मात्र त्यांचे नाव कुठेच दिसत नाही. पुढच्या कारागिरांनी आणि कारखान्यांनी त्यात इतक्या सुधारणा केल्या, की ते कोणा एकाचे राहिले नाही. पण हाताने फिरवायचे यंत्र आजही इंधनाशिवाय आणि विजेशिवाय चालते, आणि चिवट मांसालाही रुचकर करते. ज्या काटकसरीसाठी ड्राइस आयुष्यभर यंत्रे जुळवत राहिले, ती तिथे अजून कामाला येते.